जर्मन ‘एर्झात्स’ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या काळातील बर्लिनमधल्या घरगुती जीवनावरील एका लेखाचे मी मराठी भाषांतर करत आहे. त्यातील एक वाक्य मी सध्या असे लिहिले आहे : ‘१९१६-१७ च्या हिवाळ्यात लोक नवलकोल खाऊन जगले, नकली कॉफी प्यायले आणि संधी मिळताच साठेबाजी करू लागले.’ मूळ शब्द अनुक्रमे श्टेकरूबे, एर्झात्स आणि हाम्स्टर्न असे आहेत. वाक्य सुबोध आहे, तरीही त्यातून त्या माणसांवर अन्याय होतो असे मला सारखे वाटत राहते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि माझ्या मते तिन्ही शब्द बदलावे लागतील. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा शब्द एर्झात्स, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

‘एर्झेत्सेन’ या क्रियापदाचा अर्थ एखाद्याची जागा भरून काढणे. जर्मनमध्ये यंत्राच्या सुट्या भागाला एर्झात्सटाइल म्हणतात, राखीव खेळाडूंच्या बाकाला एर्झात्सबांक म्हणतात आणि नुकसानभरपाईला शाडेनएर्झात्स म्हणतात. यांपैकी कोणत्याही शब्दात हिणकसपणाची छटा नाही. ब्रिटिश नाकेबंदीमुळे परदेशातून येणारे धान्य, चारा आणि खतासाठी व दारूगोळ्यासाठी लागणारे चिलीचे नायट्रेट बंद झाले, देशात तयार होणारे नायट्रेट आधी दारूगोळ्याकडे आणि मग उरले तर शेताकडे जाऊ लागले, तेव्हा भाजलेले बार्ली, चिकोरीचे मूळ किंवा ओकची फळे दळून केलेली पूड ‘काफे-एर्झात्स’ या नावाने उघडपणे विकली जाऊ लागली. पुडीवर तसे छापलेले असे आणि घेणाऱ्या बाईलाही आत कॉफीचा दाणा नाही हे ठाऊक असे. नकली आणि भेसळ या शब्दांना फसवणूक लागते. इथे ती मुळात नव्हती. पुढे ती शिरली हेही खरे आहे : सॉसेजच्या जागी खपवल्या जाणाऱ्या पदार्थांचेच आठशेहून अधिक प्रकार बाजारात आले आणि १९१८ मध्ये अशा पदार्थांना सरकारी परवाना सक्तीचा करावा लागला. एर्झात्स या शब्दाला आज जी कडवट चव आहे, ती या अनुभवातून आली. इंग्रजीने मात्र तेवढी चवच उचलली, आणि आपण जर्मन शब्द बहुधा इंग्रजीच्या हातून घेतो म्हणून ‘नकली’ हा प्रतिशब्द पटकन सुचतो.

माझी सूचना ‘ऐवजी’ अशी आहे. ‘च्या ऐवजी’ हा प्रयोग आपण रोज करतो, पण या शब्दाला स्वतःचे घराणे आहे. ऐवज म्हणजे मोलाची वस्तू आणि एखाद्या गोष्टीच्या बदल्यात येणारे तेवढ्याच मोलाचे दुसरे काही. मोबदला आणि बदली हे दोन्ही अर्थ एर्झात्सप्रमाणेच त्याच्या पोटात आहेत. नागपूरच्या महापालिकेत कायम कामगाराच्या जागी काम करणाऱ्याला ‘ऐवजदार’ म्हणतात, आणि त्याला कोणी नकली कामगार म्हणत नाही. तेव्हा ‘ऐवजी कॉफी’, ‘ऐवजी लोणी’ असे लिहावे. पहिल्यांदा वाचताना शब्द थोडा अडखळवेल, पण एर्झात्स मुखी बसायला जर्मन गृहिणीलाही काही महिने लागलेच असतील.

आता नवलकोल. ही चूक फार स्वाभाविक आहे, कारण श्टेकरूबेचे दुसरे नाव कोलरूबे आणि आपल्या नवलकोलाचे जर्मन नाव कोलराबी. आपल्या शब्दातला ‘कोल’ही त्याच कुळातला दिसतो, भारतीय इंग्रजीतला ‘नोलकोल’ डचांकडून आला आणि त्यात ‘कोल’ म्हणजे कोबी. पण नवलकोल ही जमिनीच्या वर फुगलेली कोवळी, हिरवी गाठ, तर श्टेकरूबे हा सलगम आणि कोबी यांच्या संकरातून आलेला, जांभळट सालीचा, पिवळसर गराचा, मातीत वाढणारा जड कंद. तो मुख्यतः जनावरांसाठी पिकवत. १९१६ च्या ओल्या हंगामात बटाट्याचे पीक करप्याने नासून नेहमीच्या निम्म्यावर आले आणि शिधापत्रिकेवर बटाट्याच्या जागी हा कंद मिळू लागला. पावात तो, मुरंब्यात तो, वाळवून दळलेल्या कॉफीतही तो. अधिकृत शिध्यातून माणशी दिवसाला जेमतेम हजार कॅलरी मिळत होत्या. ‘नवलकोल’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मंडईतली ताजी भाजी येईल, आणि गोठ्यातले अन्न ताटात आल्याचा अपमान पुसला जाईल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘गुरांना घालायचे सलगम’ असे लिहून पुढे नुसते सलगम म्हणावे. त्या हिवाळ्याचे रूढ नावही ‘सलगमाचा हिवाळा’ असे करता येईल.

प्रश्न : ऐवजी आणि सलगम दोन्ही पटले. पण हाम्स्टर्न म्हणजे साठा करणेच ना? ज्याच्यावरून हा शब्द आला तो हॅम्स्टर नावाचा उंदरासारखा प्राणी तर गालात दाणे भरून नेतो.

उत्तर : प्राणी तोच, पण मराठीत साठेबाज म्हटला की भाव वाढण्याची वाट पाहत गोदामाला कुलूप लावणारा व्यापारी उभा राहतो. हाम्स्टर्नला जाणारी बाई रिकामी पिशवी घेऊन गाडीने खेड्यात जाई, घरातली चादर किंवा अंगठी शेतकऱ्याला देई आणि बटाटे घेऊन परते. परतीच्या स्थानकावर पोलीस पिशव्या तपासत आणि माल जप्त करत, कारण शिधापत्रिकेबाहेरची खरेदी गुन्हा होता. आपल्याकडे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवण्याला बेगमी म्हणतात आणि त्यात शहाणपणच मानतात. हाम्स्टर्न या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी आहे, त्यामुळे एकच प्रतिशब्द सर्वत्र चालणार नाही. सरकारी सूचनेत तो शब्द आला तर ‘साठेबाजी’ योग्य, कारण तिथे तो आरोपच आहे. आपल्या वाक्यात मात्र बोलणारा लेखक घरातल्या माणसांच्या बाजूने उभा आहे, म्हणून मी असे लिहीन : ‘१९१६-१७ च्या हिवाळ्यात लोक गुरांना घालायचे सलगम खाऊन जगले, ऐवजी कॉफी प्यायले आणि जमेल तेव्हा खेड्यांत जाऊन चोरून बेगमी करू लागले.’