उत्तम नेमबाज आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो का?

नेमस्त (चर्चाप्रस्ताव)

नेमबाजीचे प्रशिक्षक निवडताना पहिली विचारणा होते ती उमेदवाराने स्वतः नेमबाजीत मिळवलेल्या गुणांची. प्रमाणपत्राच्या परीक्षेतही त्याच्याकडून गोळ्या झाडून घेतल्या जातात, सुरक्षेचे नियम वदवून घेतले जातात आणि फार तर एखादा पाठ घ्यायला लावला जातो. दुसऱ्याच्या हातातली चूक त्याला दिसते का, हे मात्र क्वचितच तपासले जाते. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच व्हायला हवी.

उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जाऊ लागल्या की कच्चा प्रशिक्षक दुर्बिणीतून लक्ष्य न्याहाळतो आणि 'ट्रिगर हळू दाबा' असे सांगून मोकळा होतो. मुरलेला प्रशिक्षक त्या वेळी लक्ष्याकडे बघतच नाही. तो बाजूला उभा राहून बोट, मनगट, नळीचे टोक आणि पापणी बघतो. शंका आली की मॅगझिन स्वतः भरतो आणि खऱ्या काडतुसांत डमी (बार न उडणारे) काडतूस कुठे घातले आहे याचा शिकणाऱ्याला पत्ता लागू देत नाही. डमीची पाळी येते, नुसती 'टक्' होते, आणि कसलाही धक्का बसलेला नसताना नळी झपकन खाली जाते. बार उडणार या धास्तीने हात आधीच खाली ढकलला जातो आहे, हे शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग वेगळे व्याख्यान लागत नाही.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. वर्ग संपताना जमलेले ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागल्या) पाहून प्रशिक्षकाची पाठ थोपटली जाते, पण त्या क्षणीची कामगिरी म्हणजे शिकणे नव्हे. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एकच कृती सलग घोटणारे सरावाच्या वेळी सरस ठरले, पण नंतरच्या चाचणीत कृती आलटूनपालटून करणारे पुढे गेले. म्हणून प्रशिक्षकाचे यश मोजायचे, तर त्याच्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांनी, प्रशिक्षक शेजारी नसताना, काय करता येते यावर मोजावे.

दहाचा ठिपका

असहमत. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या ठिपक्याचा व्यास अवघा ०.५ मिमी असतो. श्वास अर्धा सोडून थांबलेल्या त्या काही क्षणांत शरीरात काय चालते, ट्रिगरचा पहिला टप्पा संपून बोट दुसऱ्याच्या उंबरठ्यावर टेकते तेव्हा मन कुठे असावे लागते, हे ज्याने वर्षानुवर्षे अनुभवले आहे त्यालाच ते समोरच्यात ओळखता येते. बाजूला उभे राहून पापणी बघणे नवशिक्यापुरते ठीक आहे. पण पातळी वाढते तसतशा चुका डोळ्यांना दिसेनाशा होतात आणि 'हा शॉट सोडून द्यायला हवा होता' (म्हणजे न झाडता हत्यार खाली घ्यायला हवे होते) हे सांगायला स्वतः तसे शेकडो शॉट सोडून दिलेला माणूसच लागतो.

आपण दिलेला प्रयोग प्रयोगशाळेतला आहे. तिथे लाकडी अडथळे हाताने पाडायचे होते. धक्का नव्हता, आवाज नव्हता, चुकल्यास धोका नव्हता. तो जसाच्या तसा रेंजवर आणणे मला घाईचे वाटते. ज्याची पकडच अजून बसलेली नाही त्याला दर शॉटला अंतर, स्थिती आणि वेग बदलायला लावले, तर त्याच्या हाती गोंधळाशिवाय काही लागणार नाही.

नेमस्त

पकड बसेपर्यंत एकच गोष्ट घोटावी, हे मान्य. माझा आक्षेप तिथेच कायमचा मुक्काम ठोकण्याला आहे. प्रशिक्षकाला नेमबाजी येऊच नये, असेही मी म्हटलेले नाही. एक किमान पातळी हवीच, कारण कृती करून दाखवता आली पाहिजे. पण त्या पातळीच्या वरच्या प्रत्येक गुणाबरोबर शिकवण्याची क्षमताही वाढते, याला आधार काय? ज्यांना गोष्टी लवकर आणि सहज जमल्या, त्यांना त्या कशा जमल्या हे सांगता येत नाही, असेही अनेकदा दिसते.

शांतश्वास

मूळ प्रस्तावाशी सहमत, पण एक भर घालतो. रेंजच्या भिंतीवर टांगलेला तो चुकांचा गोल तक्ता (गोळी इथे लागली तर चूक अमुक) आधी उतरवावा. तो उजव्या हाताने, एकहाती पिस्तूल धरणाऱ्यांसाठी बेतलेला आहे आणि दोन्ही हातांनी पकडणाऱ्यांना सर्रास लावला जातो. निदान कसे करावे हे शिकवण्याऐवजी आपण प्रशिक्षकाच्या हाती पाठांतर देतो.

मला अधिक काळजी अति बोलण्याची वाटते. प्रत्येक शॉटनंतर सूचना देणारा प्रशिक्षक कष्टाळू भासतो, पण सतत मिळणाऱ्या प्रतिसादावर शिकणारा विसंबतो आणि प्रतिसाद थांबला की ढासळतो. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ च्या आढाव्यात हाच इशारा दिला होता. नेमाचा माग पडद्यावर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांनाही तो तितकाच लागू आहे.

रेंज अधिकारी

चर्चा रंगली आहे, पण फायरिंग लाइनवर उभे राहणाऱ्याचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून सामान्यतः ३० सेकंद थांबायचे, कारण बार उशिरा उडू शकतो. नवशिक्याची उपजत प्रवृत्ती नेमकी उलट असते: 'सर, उडाली नाही' म्हणत तो हत्यारासकट मागे वळतो. आता डमी काडतुसाचा प्रयोग वारंवार करा. 'टक्' ऐकले की डमीच असणार आणि लगेच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची, ही सवय आपणच त्याला लावून देतो. एक दोष काढताना दुसरा, अधिक घातक दोष पेरला जातो, आणि प्रस्तावात याचा विचार दिसत नाही.

शिवाय पापणी आणि बोट बघण्यात गढलेला प्रशिक्षक त्या वेळी शेजारच्या लेनकडे बघत नसतो.

दहाचा ठिपका

वरील मुद्दा रास्त आहे. नेमस्त यांना माझाही थेट प्रश्न: ही 'निदानाची परीक्षा' प्रत्यक्षात घ्यायची कशी?

नेमस्त

उमेदवारासमोर एक अनोळखी शिकणारा उभा करावा आणि लक्ष्य उमेदवाराला दिसू देऊ नये. दहा शॉट पाहून त्याने गोळ्या साधारण कुठे गेल्या असतील, त्याचे कारण काय आणि कोणती एकच सुधारणा आधी सांगावी, हे परीक्षकाला लिहून द्यावे. मग लक्ष्य उघडावे. दहाचा ठिपका म्हणतात ती अनुभवाची नजर खरोखरच गुणांतून येत असेल, तर अव्वल नेमबाज या परीक्षेत सहज पुढे जातील आणि माझा आक्षेप आपोआप निकाली निघेल.

डमीच्या बाबतीत: प्रत्येक 'टक्' नंतर, ती कशामुळेही झालेली असो, नळी पुढे धरून तेवढेच थांबायला लावावे. वेळ जाईल, पण नळी खाली गेलेली शिकणाऱ्याला त्याच स्तब्धतेत दिसते.

रेंज अधिकारी

थांबण्याची अट पाळणार असाल, तर माझा विरोध मागे घेतो. लाइनवर दुसरा माणूस हवा, ही मागणी मात्र कायम आहे. परीक्षेच्या वेळीही उमेदवार बघण्यात गुंतलेला असेल, तेव्हा 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हे, त्या दुसऱ्याकडे असला पाहिजे.