विषय: १७ मार्च – अनुताई वाघांची आठवण

सप्रेम नमस्कार मंडळी,

मार्च महिन्याच्या कार्यक्रमासाठी सचिवांनी विषय मागवले होते. माझी सूचना आहे की १७ मार्चला आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघांचा जन्मदिवस येतो, यंदा तो आपण इथे परदेशातल्या आपल्या मराठी शाळेच्या मुलांबरोबर साजरा करावा.

या ईमेल लिस्टवर नव्याने आलेल्या बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. आधी चांदवडला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवून रात्रशाळेत जात १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची परीक्षा दिली ती पन्नाशी उलटल्यावर.

१९४५ मध्ये त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या हाताखाली काम करायला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, आणि परत म्हणून गेल्याच नाहीत. पुढे १९५७ पासून काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर हललं. ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर हा सगळा पसारा अनुताईंनी एकोणीस वर्षं ओढला, थेट २७ सप्टेंबर १९९२ पर्यंत. ८२ वर्षांच्या आयुष्यातली ४७ वर्षं त्यांनी त्या एका परिसरातल्या वारली पाड्यांना दिली. पद्मश्री १९८५ साली मिळाली, पण तोवर चार दशकं काम झालेलं होतं.

मला मनापासून सांगावंसं वाटतं ते मात्र वेगळंच. शाळा उघडली तरी मुलं येत नव्हती, तेव्हा या बायकांनी काय केलं? मुलं दिवसभर करतात काय, ते आधी पाहिलं. सात-आठ वर्षांची पोर कडेवर धाकटं भावंड घेऊन असायची, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर काढलं. पोरगे गुरांमागे जायचे, तर बाईच कुरणात गेली. गुरं चरतायत आणि झाडाखाली वर्ग चाललाय, अशी ती कुरणशाळा. पाड्यावरची लहान मुलं येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची लाकडी साधनं कुठून आणणार? मग गारगोट्या, शिंपले, बिया, पानं, जे हाताशी होतं त्यावरच गणित आणि रंगओळख सुरू झाली.

आपल्या बैठकीत दर वेळी पटसंख्या निघते आणि गाडी ‘पालकच पाठवत नाहीत’ इथे येऊन थांबते. त्या जागी अनुताईंनी काय केलं असतं, यावर मला आपल्याशी बोलायचं आहे.

आपली,
मराठी शाळा समितीतून

———

ताई, नमस्कार.

मेल दोनदा वाचली. मी मूळची घोलवडची. कोसबाड आमच्या घरून जवळच. माझी आई लग्नाआधी तिथे बालवाडीचं प्रशिक्षण घेऊन आली होती, त्यामुळे आमच्या घरात ‘अनुताई असं म्हणायच्या’ हे रोजचंच.

आईकडे बिस्किटाच्या जुन्या डब्यात चिंचोके असायचे. एका बाजूने घासून पांढरे केलेले, दुसरी बाजू तपकिरी. मूठभर टाकायचे, पांढरे किती पडले ते मोजायचं, मग दहा-दहाचे ढीग लावायचे. पाटी-पेन्सिल फार नंतर. आम्हा भावंडांची बेरीज-वजाबाकी या डब्यावरच झाली, आणि आई पाड्यावर जायची तेव्हा तोच डबा तिच्या पिशवीत असायचा.

एक भर घालते. अनुताई आल्या त्याच १९४५ साली आमच्या भागात वारल्यांनी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. पावसाळा सरला की घरंच्या घरं गवत कापायला जायची, झोपडीत मागे उरायची ती म्हातारी माणसं आणि पोरं. ज्या घरात संध्याकाळच्या भाताची खात्री नाही, तिथे जाऊन ‘मुलाला शाळेत घाला’ म्हणायचं, हे किती अवघड असेल! त्या रागावल्या नाहीत, पुन्हा पुन्हा गेल्या. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, खरूज धुऊन औषध लावायचं, हे सगळं आईने तिथेच शिकलं आणि ते शिक्षणाचाच भाग आहे असं ती मानायची.

आणि वय म्हणाल तर १९८२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही शिक्षणसंस्था सुरू केली तेव्हा त्या ७२ वर्षांच्या होत्या. कार्यक्रमात हे नक्की सांगूया.

चिंचोक्यांचा खेळ मी घेईन.

आपली,
घोलवडची

———

दोघींना नमस्कार.

विषय मला पूर्ण मान्य आहे आणि खजिनदार म्हणून खर्चालाही हरकत नाही, कारण खर्च जवळपास नाहीच. फक्त हॉलमध्ये भाषण आणि हार असा कार्यक्रम नको. १७ तारखेच्या जवळचा शनिवार धरू आणि शाळा त्या दिवशी नदीकाठच्या बागेत भरवू. आपली निम्मी मुलं शनिवारी सकाळी तिथेच क्रिकेटला असतात आणि त्याच वेळी आपण चार किलोमीटरवर हॉल उघडून बसतो. सामना संपल्यावर साडेअकराला तिथेच बसवूया. परवानगीसाठी कौन्सिलला मी लिहितो.

चिंचोके भारतातून कुणाकडून मागवू नका. इथे बियाणं विमानतळावर काढून घेतात आणि येणाऱ्या माणसाला उगाच त्रास होतो. बागेत निलगिरीची बोंडं हवी तेवढी पडलेली असतात. मोजायला आणि लहान-मोठी लावायला ती उत्तम.

जे पालक गेल्या वर्षापासून येत नाहीत, त्यांची यादी माझ्याकडे आहे. सात घरं आहेत. ईमेल पाठवून झाल्यात, उत्तर नाही. या रविवारी मी आणि सौ. तीन घरी जाऊन येतो. उरलेली चार कोण घेतंय, ते कृपया इथेच कळवा.

आपला,
खजिनदार