थंड गाडीत दुसरा गिअर अडतो, गरम झाल्यावर ठीक पडतो

प्रश्न
पाच गिअरची पेट्रोल गाडी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, 90,000 किमी झालेत. सकाळी पहिले दोन-तीन किमी पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा अडतो. जोर लावला तर खर्र आवाज होऊन पडतो. तिसरा-चौथा बरे पडतात. पंधरा मिनिटांनी त्रास नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. क्लच प्लेट बदलावी का?

उत्तर 1
क्लच प्लेटला आत्ताच हात लावू नका. इंजिन बंद असताना गिअर पडतात यावरून क्लचबद्दल काहीच ठरत नाही, कारण तेव्हा आतले शाफ्ट फिरतच नसतात.

सकाळी थंड गाडी चालू करा, हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही. शांतपणे पडला तर बघायचं ते गिअरबॉक्सचं ऑइल आणि सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी).

दुसराच का अडतो? समजा पहिल्याचा रेशो (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला आतल्याच्या किती फेऱ्या) 3.5 आणि दुसऱ्याचा 1.9 आहे. 3000 आरपीएमला गिअर बदलला, तर इनपुट शाफ्ट (इंजिनकडून क्लचमार्फत फिरणारा) साधारण 1630 वर यावा लागतो. तिसऱ्यातून चौथ्यात (1.3 ते 1.0) तोच 2300 पर्यंतच उतरतो. हा वेग उतरवण्याचं काम पितळी सिंक्रो रिंग करते. गिअरच्या शंकूसारख्या भागावर ती घट्ट बसायची तर मधला ऑइलचा थर आधी तिच्या खाचांतून बाहेर पडायला हवा. थंडीत ऑइल घट्ट असतं, थर लवकर हटत नाही, रिंग घसरत राहते. त्यात रिंग झिजलेली असेल तर त्रास दुप्पट.

उत्तर 2
ऑइल बदलताना आधी फिलर प्लग (ऑइल भरायचा) सुटतो का ते बघा, मगच ड्रेन प्लग (ऑइल काढायचा) उघडा. फिलर जाम निघाला आणि ऑइल आधीच काढून टाकलेलं असलं, तर गाडी जागेवरच अडकते. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट असताना काढा. सपाट जागेवर, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. अशा गिअरबॉक्समध्ये सहसा दोन लिटरच्या आसपास बसतं, पण ग्रेड आणि माप मॅन्युअलमधलंच धरा. ड्रेन प्लगचा वायसर नवा घाला.

मॅन्युअलमध्ये जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-5 घालू नका. त्यातल्या जादा ईपी (जास्त दाब सोसण्यासाठीच्या) अॅडिटिव्हमुळे सिंक्रोची पकड कमी होऊ शकते, काही ऑइलं पितळही खातात. आत 80डब्ल्यू-90 (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर 75डब्ल्यू-90 सिंथेटिक घ्या. गरम झाल्यावर दोन्ही सारखीच, थंडीत मात्र 75डब्ल्यू बरंच पातळ राहतं.

उत्तर 3
क्लच हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल तर अजून एक गोष्ट. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सहज पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळतोय. केबलचा क्लच असेल तर पेडलचा मोकळा खेळ मोजा.

तोवर सकाळी 2000-2200 आरपीएमलाच गिअर बदला, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा आणि दांड्यावर हलका दाब ठेवा. रिंग पकडली की गिअर आपोआप आत ओढला जातो. जोर लावलात तर स्लीव्हचे (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे) दात झिजतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. जागेवर इंजिन गरम करत बसण्याचा फारसा उपयोग नाही, गिअरबॉक्स गाडी चालली की तापतो.

प्रश्नकर्ता
रिव्हर्स शांतपणे पडला. ऑइल उघडलं तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप आहे. काळजीचं आहे का?

उत्तर 1
बारीक करडा लेप ही नेहमीची झीज, पुसून टाका. टोकदार पोलादी कण असतील तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा. सोनेरी चमक भरपूर दिसली तर दुसऱ्याची रिंग गेली असं धरा. नव्या ऑइलने थोडा आराम पडेल, पण काम काढावं लागेल. चमक नसेल तर नवं ऑइल भरून 300-400 किमी चालवा आणि मग थंड गाडीत पुन्हा तपासा.