केंद्रात स्वतंत्र शिक्षण खाते: कायदा लागतो की नुसती अधिसूचना?

तळ्याकाठचा:
राज्यघटनेचा अभ्यास चालू आहे आणि एका मुद्द्यावर अडलोय. अमेरिकेत १९७९ साली काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कायदा करून केंद्रीय शिक्षण खाते काढले. आपल्याकडे १९८५ साली शिक्षण मंत्रालय जाऊन मनुष्यबळ विकास मंत्रालय आले आणि २०२० साली पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. पण दोन्ही वेळा संसदेत विधेयक आल्याचा उल्लेख कुठेच सापडत नाही. मग हे झाले कशाच्या आधारावर? नवे खाते प्रत्यक्ष उभे करायचे तर कोणत्या टप्प्यांतून जावे लागते? आणि शिक्षण राज्यांचा विषय असतानाही दिल्लीत मंत्रालय कसे चालत होते? क्लासच्या नोट्समध्ये फक्त तारखा आहेत.

फाइलनोंद:
विधेयक सापडणार नाही, कारण ते आलेच नाही. केंद्र सरकारचे काम मंत्र्यांमध्ये वाटून देण्याचे नियम राष्ट्रपतींनी करायचे, असे कलम ७७(३) सांगते. त्याखाली १९६१ चे कार्यवाटप नियम आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत मंत्रालये व विभागांची यादी आहे. दुसरीत प्रत्येक विभागाकडचे विषय, कायदे आणि संस्था यांची जंत्री आहे. नवे खाते काढायचे म्हणजे या दोन अनुसूच्या दुरुस्त करायच्या. मनुष्यबळ विकास मंत्रालय २६ सप्टेंबर १९८५ ला झाले ते या नियमांच्या १७४ व्या दुरुस्तीने.

क्रम साधा आहे. पंतप्रधान ठरवतात, मंत्रिमंडळ सचिवालय मसुदा करते, राष्ट्रपतींची मान्यता मिळते आणि राजपत्रात छापून येते. मनावर घेतले तर काही दिवसांचे काम. डोकेदुखी सुरू होते ती राजपत्र निघाल्यावर.

आधी माणसे. नव्या पदांना वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाची मंजुरी लागते आणि ती सहजी मिळत नाही. त्यामुळे जुन्या खात्यात तो विषय पाहणारे कक्षच पदांसकट उचलून नव्या खात्यात देतात. जिथे एकच अवर सचिव दोन विषय पाहत होता आणि त्यातला एकच गेला, तिथे हमखास भांडण. जुने खाते पद सोडत नाही, नव्याकडे नुसते गठ्ठे येतात. म्हणून हस्तांतराची यादी विषयवार न करता पदवार करावी. कोणते पद, कोणत्या वेतनस्तराचे, भरलेले की रिक्त, हे दोन्ही सचिवांच्या सहीने ठरलेले असले तरच निभावते.

मग पैसा. आपल्याकडे सचिव आणि अनुदानाची मागणी (संसदेकडून मंजूर करून घ्यायचा खर्चाचा प्रस्ताव) या दोन्ही गोष्टी साधारणपणे विभागाच्या पातळीवर असतात. शिक्षण मंत्रालय एक, पण त्यात शालेय शिक्षण व साक्षरता आणि उच्च शिक्षण असे दोन विभाग, दोन सचिव, दोन मागण्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पहिल्याला सुमारे ७८,५७२ कोटी आणि दुसऱ्याला सुमारे ५०,०७८ कोटी रुपये. वर्षाच्या मध्येच विभाग निघाला तर खर्च जुन्या मागणीतून चालवायचा आणि पुरवणी मागण्यांत नव्याची सोय करायची. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या सदराखाली नोंदतात त्याचा क्रमांक, मात्र बदलत नाही. सर्वसाधारण शिक्षण २२०२, तंत्रशिक्षण २२०३. मुख्य शीर्ष कामावरून ठरते, कोणते खाते ते काम करते यावरून नाही. वित्तीय सल्लागार आणि वेतन व लेखा कार्यालय पहिल्या दिवसापासून ठरलेले हवे, नाहीतर महिनाअखेरीस पगारबिलच अडकते.

शेवटी किरकोळ वाटणारी पण वर्षभर पुरणारी कामे: न्यायालयीन प्रकरणांत प्रतिवादी कोण, माहिती अधिकारी कोण, संसदेतल्या प्रश्नाला उत्तर कोणी द्यायचे. शेवटच्या बाबतीत दोन्ही खाती ‘हा विषय आमच्याकडे नाही’ म्हणून मोकळी होतात. माहिती अधिकाराचा अर्ज निदान ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचे बंधन आहे.

एवढे सगळे कायद्यात हात न घालता जमते, याचे कारण आपल्या कायद्यांच्या भाषेत आहे. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) १९५६ चा कायदा अधिकार देतो तो ‘केंद्र सरकार’ला, अमुक मंत्रालयाला नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ नुसार केंद्र सरकार म्हणजे राष्ट्रपती, आणि राष्ट्रपतींच्या वतीने कोणते खाते काम पाहणार हे दुसरी अनुसूची सांगते. तेवढी ओळ हलवली की कायदा आपोआप नव्या खात्याकडे.

पोटोमॅककाठ:
अमेरिकेत नेमके उलटे. तिथे खाते कायद्याने जन्मते आणि अधिकारही बहुधा थेट त्या खात्याच्या प्रमुखाच्या नावाने दिलेले असतात. त्यामुळे एक विषय हलवायचा तरी काँग्रेसकडे जावे लागते.

पहिला प्रयत्न १८६७ चा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने शिक्षण खाते निघाले, हेन्री बर्नार्ड आयुक्त झाले. हाताखाली तीन कारकून आणि काम आकडेवारी गोळा करण्याचे. केंद्र शाळांत लुडबुड करील अशी ओरड झाली आणि दोन वर्षांत त्याचा दर्जा उतरवून ते गृह खात्याखालचे एक कार्यालय करून टाकले. (तिथले गृह खाते म्हणजे जमिनी, खाणी आणि मूळ अमेरिकन जमातींचे काम पाहणारे. पोलिसांशी त्याचा संबंध नाही.) पुढे ते कार्यालय फिरत फिरत १९५३ मध्ये आरोग्य, शिक्षण व कल्याण या अवाढव्य खात्यात गेले.

१९७६ च्या निवडणुकीत एनईए या शिक्षक संघटनेने जिमी कार्टर यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी पाठिंबा दिला, तो वेगळ्या शिक्षण खात्याच्या आश्वासनावर. दुसरी मोठी संघटना एएफटी मात्र विरोधात होती. प्रतिनिधीगृहात विधेयक पहिल्यांदा पार पडले ते २१० विरुद्ध २०६ ने. १७ ऑक्टोबर १९७९ ला कार्टर यांची सही झाली, ४ मे १९८० पासून काम सुरू झाले. पहिल्या सचिव (तिथे सचिव म्हणजे खात्याचा प्रमुख, आपल्याकडच्या मंत्र्यासारखा) शर्ली हफस्टेडलर या अपील न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या.

पण या खात्यात काय आले नाही ते बघा. गरीब घरच्या लहान मुलांसाठीची हेड स्टार्ट योजना आरोग्याकडेच राहिली, शाळेतले जेवण कृषी खात्याकडे, मूळ अमेरिकन जमातींच्या शाळा गृह खात्याकडे. सैनिकांच्या मुलांच्या परदेशातल्या शाळा आणायचे कायद्यातच होते, तेही शेवटी बारगळले. प्रत्येक योजनेमागे तिचा गट आणि तिची संसदीय समिती, आणि हातातले कोणी सोडत नाही. शिवाय अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, शिक्षकनेमणूक यांवर केंद्राचे नियंत्रण नसेल असे कलमच घालावे लागले. म्हणून आजही हे खाते मुख्यतः विद्यार्थी कर्जे, अनुदाने आणि नागरी हक्कांच्या तक्रारी पाहते. शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास.

२० मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी खाते बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला आणि कर्मचारी सुमारे ४,१०० वरून जवळपास निम्म्यावर आणायची मोहीम निघाली. तरी आदेशाने माणसे कमी करता येतात, खाते रद्द करता येत नाही. त्याला कायदाच लागेल.

नोंद_पंचवीस:
तिसऱ्या प्रश्नाचे अजून कोणी बोलले नाही. खाते असणे आणि अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी. मूळ घटनेत शिक्षण राज्यसूचीत (राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत), नोंद ११. केंद्राकडे संघसूचीतल्या ६३ ते ६६ या नोंदी: ठराविक केंद्रीय विद्यापीठे, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था, आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे ६६, उच्च शिक्षणातील दर्जाचे समन्वयन व निश्चिती. यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची परिषद) याच नोंदीवर उभ्या आहेत. शालेय शिक्षणात केंद्र फक्त सल्ला आणि पैसा देऊ शकत होते, म्हणून एनसीईआरटी (शालेय पाठ्यपुस्तके आणि संशोधन पाहणारी संस्था) १९६१ साली कायद्याने न काढता नोंदणीकृत सोसायटी म्हणून काढली.

४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीच्या (केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात त्या यादीच्या) नोंद २५ मध्ये आले, ३ जानेवारी १९७७ पासून. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्यामुळेच शक्य झाला. पण रोजच्या व्यवहारात केंद्राचे वजन पडते ते निधीच्या प्रमाणाने: समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य, ईशान्य व हिमालयीन राज्यांना ९०:१०. राज्याने अट मानली नाही की हप्ता थांबतो, आणि खरी खडाजंगी तिथेच होते.

फाइलनोंद, तुमच्या यादीत एक राहिले. एवढे ‘शिक्षण मंत्रालय’ असूनही वैद्यकीय शिक्षण आरोग्याकडे, कृषी शिक्षण कृषीकडे, सैनिकी शाळा संरक्षणाकडे, एकलव्य शाळा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे आणि अंगणवाड्या महिला व बालविकासकडे. आयटीआय २०१५ पर्यंत श्रम मंत्रालयात होत्या, तिथून निघाल्या त्याही शिक्षणाकडे न येता कौशल्य विकास मंत्रालयात गेल्या. महाराष्ट्रात तर जिल्हा परिषद शिक्षक काय शिकवणार ते शालेय शिक्षण विभाग ठरवतो आणि त्याची बदली कुठे होणार ते ग्रामविकास. अमेरिकेला हसायला नको.

जुनी_दप्तरे:
थोडी भर. केंद्रात शिक्षणाचे वेगळे खाते पहिल्यांदा निघाले १९१० मध्ये, त्याआधी ते काम गृह खात्यात चाले. त्याच वर्षी मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला होता. सरकारने आश्वासन दिल्यावर त्यांनी तो मागे घेतला. वर्ष संपायच्या आत खाते आले, सर हार्कोर्ट बटलर त्याचे सभासद (व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले खातेप्रमुख). १९११ चे गोखल्यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. खाते मिळाले, सक्ती नाही.

पुढे १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण प्रांतांतल्या मंत्र्यांकडे गेले आणि १९२३ च्या काटकसरीत केंद्रातले खाते आरोग्य व जमिनीशी जोडून टाकले. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळही तेव्हाच बंद झाले, ते १९३५ ला पुन्हा सुरू केले. १९४५ मध्ये शिक्षण परत वेगळे झाले आणि १९४७ मध्ये मौलाना आझादांकडे आले.

तळ्याकाठचा:
सर्वांचे आभार. एकच उपप्रश्न: मग आपल्याकडे उद्या नुसत्या अधिसूचनेने शिक्षण मंत्रालय बंदही करता येईल?

फाइलनोंद:
मंत्रालय, हो. त्याच दोन अनुसूच्या, पुन्हा दुरुस्ती, विषय दुसरीकडे. पण मंत्रालयाखालच्या संस्था आपापल्या जन्मदाखल्याप्रमाणे जातात. यूजीसी, एआयसीटीई, एनसीटीई (शिक्षक-शिक्षणाची परिषद) कायद्याने झाल्या आहेत, त्या रद्द करायला संसद लागते. यूजीसीच्या जागी नवा आयोग आणायचा मसुदा २०१८ मध्ये काढला तो विधेयकाचाच होता, याचे कारण हेच. एनसीईआरटी, केंद्रीय विद्यालय संघटन, नवोदय समिती या सोसायट्या आहेत, तिथे सोसायटी कायदा आणि त्यांची घटना-नियमावली बघावी लागेल. नियोजन आयोग मार्च १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाला होता, म्हणून १ जानेवारी २०१५ च्या ठरावानेच त्याच्या जागी नीती आयोग आणता आला, संसदेत जावे लागले नाही. प्रश्नपत्रिकेत ‘वैधानिक’, ‘घटनात्मक’ आणि ‘कार्यकारी’ असे पर्याय आले तर आधी संस्था कशाने जन्मली ते शोधा. राज्यासाठी ७७(३) ऐवजी १६६(३) वाचा आणि १९७५ ची महाराष्ट्र शासन कार्यनियमावली.