मदत हवी आहे: सर्च सर्व्हर रोज सकाळी अडकतो, चवथ तोंडावर आलीय

फोंडेकर
चवथीला (गणेश चतुर्थीला) नऊ दिवस उरलेत आणि आमचा सर्च सकाळी सात ते नऊ बसतो. साठेक दुकानांचं सामान एका ॲपवर आहे. दुकानदार स्टॉक बदलतो, गिऱ्हाइकाला पाच-पाच मिनिटं जुनाच दिसतो. काल एका बाईंनी माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती लाकडी चौकट) नारळाची पेंड, म्हणजे घड, मागवली, ती दुकानात कधीच संपली होती. दुकानदार माझ्यावर ओरडला, आणि त्याचं काही चुकलं नाही. रॅम वाढवून झाली. लवकर सांगा.

मांडवीकाठ
सर्व्हर कुठला? व्हर्जन? कमिट (बदल पक्के करून शोधात आणणं) कोण करतं, किती वेळाने? लॉगमध्ये काय येतं?

खाडीपलीकडे
इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या सर्च सर्व्हरवर या. आम्ही आलो तेव्हापासून कमिटचं नावही काढावं लागलं नाही. रिफ्रेश, म्हणजे नवे बदल शोधात येणं, आपोआप दर सेकंदाला होतो.

मांडवीकाठ
नऊ दिवसांवर चवथ आणि सर्व्हर बदला म्हणता? त्यांचा सोलर असेल, तर दोन्हींच्या पोटात ल्युसीन हेच शोधाचं इंजिन आहे. तिथेही प्रत्येक अपडेटसोबत रिफ्रेश मागितला तर हीच गत.

खाडीपलीकडे
मागायची गरजच पडत नाही, हेच सांगतोय.

आबोली
मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माटोळीला माटवी म्हणतात. सिनोनिम (समानार्थी शब्दांची यादी) लावले नसतील तर सामान असूनही सापडणार नाही. ते शोधण्याच्या बाजूने लावा, म्हणजे यादी बदलली तरी सगळं पुन्हा इंडेक्स करावं, म्हणजे शोधाच्या सूचीत नव्याने भरावं, लागत नाही.

फोंडेकर
ताई, शब्द सापडतात हो, अडचण ती नाही. सर्च सर्व्हर सोलर ८.११, दोन लाख डॉक्युमेंट, म्हणजे सामानाच्या नोंदी. लॉगमध्ये ‘ओव्हरलॅपिंग ऑनडेकसर्चर्स’ (तयार होणाऱ्या सर्चरांची गर्दी) येत होतं म्हणून मॅक्सवॉर्मिंगसर्चर्स, म्हणजे एका वेळी किती सर्चर तयार होऊ द्यायचे ती मर्यादा, २ ची ८ केली. तेव्हापासून जास्तच बिघडलं.

जुनाखांब
रोज रात्री ऑप्टिमाइझ (इंडेक्सचे सेगमेंट, म्हणजे तुकडे, एकत्र करणं) चालवा. आमचं त्यानेच सुटलं होतं.

मांडवीकाठ
जुनाखांब, रात्री सेगमेंट एकत्र करून सकाळी सातचा गोंधळ कसा थांबेल? पुसलेली डॉक्युमेंट नेहमीच्या मर्जमध्ये निघून जातातच. फोंडेकर, कमिटचं अजून सांगितलं नाहीत.

फोंडेकर
प्रत्येक स्टॉक बदलानंतर ॲपच कमिट मारतं. नाहीतर बदल दिसणार कसा?

मांडवीकाठ
सापडलं. असा प्रत्येक कमिट नवा सर्चर, म्हणजे ताजा इंडेक्स वाचून उत्तरं देणारा भाग, उघडतो. तो कॅशे गरम करून घेतो (नेहमीच्या शोधांची उत्तरं आधीच भरतो) आणि मगच शोध त्याच्याकडे जातात. गरम व्हायला आठ सेकंद लागत असतील आणि कमिट दर दोन सेकंदांनी येत असेल, तर एक तयार होण्याआधी पुढचे तीन रांगेत. ती मर्यादा ८ केलीत म्हणजे आठपर्यंत सर्चर एकाच वेळी उघडे, मेमरी आणि सीपीयू खायला बसले. ती परत २ करा.

ॲपमधून कमिट काढून टाका, एकही ठेवू नका. ऑटोकमिट १५ सेकंदांवर, ओपनसर्चर फॉल्स: बदल डिस्कवर पक्के होतात, सर्चर उघडत नाही. दिसण्यासाठी ऑटोसॉफ्टकमिट (बदल फक्त शोधात आणणारा हलका कमिट) १० सेकंदांवर. फिल्टरकॅशेचा ऑटोवॉर्मकाउंट, म्हणजे नव्या सर्चरसाठी जुने किती फिल्टर पुन्हा चालवायचे तो आकडा, किती आहे?

फोंडेकर
५१२. रॅम १६ जीबी, त्यातली हीपला (जावाच्या मेमरीला) १२.

मांडवीकाठ
ऑटोवॉर्मकाउंट १६ वर आणा. म्हणजे जुन्या कॅशेतले ५१२ फिल्टर दर वेळी नव्याने चालणार नाहीत. हीप ४ करून बघा. इंडेक्सच्या फाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेत राहायला जागा हवी, सगळी रॅम जावाला देऊन चालत नाही.

आणि ऑर्डर पक्की करताना स्टॉक डेटाबेसमध्येच तपासा. सर्च दहा सेकंद मागे राहणारच.

जुनाखांब
शेवटचं एकदम बरोबर. आम्ही ते केलं नव्हतं, भोगलं.

फोंडेकर
कमिटच्या ओळी चार ठिकाणी निघाल्या, एक तर बिलिंगच्या कोडमध्ये. आज सकाळी दुकानातच उभा राहिलो. दुकानदाराने माझ्यासमोर पेंडीचा स्टॉक शून्य केला, माझ्या मोबाइलवर अकराव्या सेकंदाला ‘संपलं’ आलं. साडेआठपर्यंत सर्च एकदाही अडकला नाही. मांडवीकाठबाब, देव बरें करूं.

एक राहिलं. नुसता स्टॉकचा आकडा बदलायला अख्खं डॉक्युमेंट पुन्हा लिहिलं जातं. टाळता येईल?

मांडवीकाठ
इन-प्लेस अपडेटने, म्हणजे फक्त तो आकडा जागच्या जागी बदलून, येईल. फील्ड आकड्याचं, एकच मूल्य असलेलं, डॉकव्हॅल्यूज चालू, इंडेक्स्ड आणि स्टोअर्ड दोन्ही बंद, अशा फील्डच्या सेटिंग हव्यात. तुमचं कसं आहे?

फोंडेकर
दोन्ही चालू.

मांडवीकाठ
मग स्कीमा (फील्डची व्याख्या) बदलून सगळं पुन्हा इंडेक्स करावं लागेल. आता हात लावू नका, विसर्जन झाल्यावर बघू.

फोंडेकर
बरं. आबोलीताई, ‘माटवी’ घातलाय यादीत.