कोरियात इंग्रजी शिकवताना सुट्टीच्या दिवशी कुठे कुठे फिरलात? अनुभव लिहा

कोरियात इंग्रजी शिकवणारे किंवा शिकवून परत आलेले आपले बरेच जण आहेत असं हळूहळू कळतंय, म्हणून म्हटलं एका जागी लिहूया. शाळा, पगार, व्हिसा यावर लिहाच, पण मला जास्त ऐकायचंय ते सुट्टीबद्दल. माझं तर असं झालं की आठवडाभर मुलांनी जे सांगितलं तेच रविवारी बघायला गेले, आणि तेच लक्षात राहिलंय.

मी सुवॉनला सरकारी प्राथमिक शाळेत दोन वर्षं होते. आठवड्याला २२ तास, एकेक तास ४० मिनिटांचा, सोबत कोरियन को-टीचर. 'माय टाऊन' धड्याला पाचवीतल्या एका मुलानं ह्वासॉंग किल्ल्याचं चित्र काढलं आणि त्यात दगड उचलणारं कप्प्यांचं यंत्र इतकं बारकाईनं काढलं की मी त्याच शनिवारी गेले. लहानपणी बाबांबरोबर सिंहगड, राजगड केलेले, तटबंदी दिसली की पाय वळतातच. तट पावणेसहा किलोमीटरचा, आरामात फिरून होतो. राजा जॉंगजोनं १७९४ ते १७९६ मध्ये बांधला आणि सगळा हिशोब लिहून ठेवला, कुठल्या कारागिराला किती मजुरी दिली ते नावानिशी. कोरियन युद्धात किल्ल्याची बरीच पडझड झाली आणि नंतर त्याच नोंदींवरून तो परत उभा केला. आपल्या एका तरी किल्ल्याची अशी वही हाती असती तर, हेच चालताना सारखं मनात येत होतं.

*

छान विषय! मी वाढले कॅनडात, घरी मराठीच. गिम्हेला होते, बुसानच्या शेजारी. तिसरीच्या वर्गात पहिल्या दिवशी नकाशावर भारत दाखवला, म्हटलं माझे आईबाबा इथले. किम आडनावाची एक मुलगी उठून को-टीचरच्या कानात काहीतरी बोलली. त्या म्हणाल्या, ही म्हणतेय तुमचा देश तिचं 'वेगा' आहे. वेगा म्हणजे आजोळ! मला काही कळेना. मग समजलं, 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात गोष्ट आहे की इ.स. ४८ मध्ये आयुता देशाची राजकन्या जहाजानं इथे आली आणि राजा सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे आपली अयोध्या असं बरेच जण मानतात, इतिहासकारांचं एकमत नाही. पण गिम्हे किम घराण्याचे लोक तिला आपली मूळ आजी मानतात ते अगदी मनापासून.

रविवारी लाइट रेलनं सुरो राजाच्या समाधीच्या स्टेशनला उतरले, तिथून राणीच्या समाधीला. हिरवळीचा मोठा गोल उंचवटा आणि जवळच लालसर दगडांचा छोटा मनोरा, लाटा शांत राहाव्यात म्हणून तिनं तो जहाजातून आणला असं सांगतात. दगडांच्या कडा झिजून गोल झाल्यात. मी बराच वेळ उभी होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग आजोळचं काहीतरी द्यायला नको का पोरीला? पुढच्या पार्सलमध्ये खणाचा बटवा आला, हिरवा, लाल काठाचा. त्या मुलीनं तो वर्षभर दप्तराला लावून वापरला.

*

माझा अनुभव थोडा कडू. सोलजवळच्या एका हागवॉनमध्ये होतो, म्हणजे खासगी क्लास, दुपारी दोन ते रात्री नऊ. तिसऱ्या महिन्यापासून पगार उशिरा यायला लागला, मग अर्धाच. ई-टू व्हिसा, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांचा, त्या नोकरीलाच बांधलेला, मध्येच बदलायची तर मालकाचं रिलीज लेटर हवं. शेवटी कामगार खात्यात तक्रार केली, सहकारी कोरियन ताई स्वतः रजा काढून भाषांतराला आल्या, पैसे मिळाले. त्यांचे उपकार विसरणार नाही. नवीन जाणाऱ्यांनो, वर्ष पूर्ण केलं की एका महिन्याचा पगार वेगळा मिळतो, तो कायद्यानं तुमचा आहे, सोडू नका. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, २०१० पासून लागू झालेल्या सेपा या भारत-कोरिया आर्थिक करारानुसार पदवी आणि इंग्रजी शिक्षकाचं प्रमाणपत्र असेल तर वाट आहे, पण जागा फार कमी.

*

शाकाहारी लोकांसाठी लिहिते. शाळेच्या जेवणात भात आणि काकडीवर दिवस काढलेत, कारण किमचीत, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्यातसुद्धा, मासळीचं खारवण असतं हे मला महिन्यानं कळलं. मग को-टीचरनं सुचवलं, देवळात राहून ये. देगूहून बसनं हेइन्सा या बौद्ध मठात गेले. तिथे ऐंशी हजारांवर छपाईचे लाकडी ठसे आहेत, त्रिपिटक या बौद्ध ग्रंथाचे, तेराव्या शतकात कोरलेले, आणि कोठाराच्या खिडक्या वर-खाली वेगवेगळ्या मापाच्या ठेवल्यात, हवा नीट खेळावी म्हणून. पण माझ्या मनात राहिलं ते जेवण. कांदा नाही, लसूण नाही, आमच्या चातुर्मासासारखं. शेवटी वाडग्यात पाणी घालून मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीनं वाडगा पुसायचा, फोड खायची, पाणी पिऊन टाकायचं, एक शीत राहू द्यायचं नाही. माझे आजोबा ताट अगदी असंच स्वच्छ करायचे. डोळे भरून आले खरंच.

*

वरचं सगळं वाचून राहवेना. सोकचोला होतो, सोराकसान डोंगराच्या पायथ्याशी. चौथीच्या मुलांनी मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत गोष्ट सांगितली की उल्सानबावी हा कडा मूळचा उल्सान शहराकडचा, गुमगांग डोंगरात सगळे सुंदर कडे जमणार म्हणून निघाला, पण अंगानं जड, पोचायला उशीर झाला, तिथे जागा भरली होती, मग परत फिरताना इथेच बसला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चढलो, लोखंडी जिने संपता संपत नाहीत, खाली सगळं रान लाल-पिवळं आणि पलीकडे समुद्र. सोमवारी फोटो दाखवला तर मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा मुलगा पहिल्यांदाच इंग्रजीत बोलला, "टीचर, ही इज स्टिल टायर्ड?"