मदत हवी आहे: गोधडीची ‘गाठ’ रंगमंचावर कशी आणू?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला आम्ही बायका अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ (१९१६) ही एकांकिका मराठीत करतोय.

नवरा दोरीनं गळा आवळून मेलेला, बायको अटकेत. पुरुष माडीवर पुरावा शोधतात. खाली स्वयंपाकघरात दोघी बायकांना शिवणाच्या पेटीत मान मुरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो. खुनामागचं कारण सांगणारा पुरावा तोच, म्हणून त्या तो लपवतात. शेवटी वकील थट्टेनं विचारतो, गोधडीचं ती काय करणार होती? एकीचं उत्तर: गाठ मारणार होती. म्हणजे गोधडीचीही गाठ आणि गळ्याच्या दोरीचीही.

इथंच अडलंय. आपल्या गोधडीला धावदोरा, गाठ फक्त दोरा संपताना. मग ‘गाठ मारणं’ प्रेक्षकांना खटकेल का? गोधड्या शिवणाऱ्या कुणी सांगेल? आणि कॅनरीऐवजी पोपट चालेल? मला तो जरा विनोदी वाटतो.

शिवाय आमचे पेटीवाले काका म्हणतात, “बाईक शेवटाक शिक्षा दाखय गो!” मला नाही पटत. ज्या खऱ्या खटल्यावरून हे नाटक सुचलं तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, आणि तेव्हा तिथं बायकांना ज्युरीत बसताच येत नव्हतं. मग निवाडा चुलीपाशीच होणार ना? काकांना कसं समजावू? तालीम रविवारी आहे.